सोप्यातली बारा पोती: उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा घरी वाळवणं, फोडणं आणि साठवणं

पार्श्वभूमी

साठवलेल्या शेंगांना बुरशी आणि भुंगा लागल्याचं हे प्रकरण माझ्या मामाच्या घरचं आहे. गाव कराड तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, गावाचं आणि माणसांची नावं लिहीत नाही, पण मामा-मामीला विचारूनच लिहितेय. मामीनं तर मुद्दाम सांगितलंय की जे चुकलं ते पण लिही, कारण आमच्या आळीत त्या वर्षी चार-पाच घरांत हेच झालं आणि कुणी बोललं नाही.

घरात मामा, मामी, आज्जी, मामेभाऊ, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची पोर. मुख्य पीक ऊस. त्यातून वीस गुंठे बाजूला काढून दरवर्षी उन्हाळी भुईमूग करतात आणि तो विकायला नसतो. खायला, घाण्याच्या तेलाला, खरिपाच्या बियाण्याला आणि पुण्या-साताऱ्यातल्या लेकी-भाच्यांना द्यायला. त्यात मी पण आले, वर्षभराचे दाणे मी कधी दुकानातून आणलेलेच नाहीत.

वाण टॅग २४, म्हणजे उपट्या, जमिनीवर न पसरता झुडपासारखा उभा वाढणारा. पेरणी २ फेब्रुवारी २०२५. उन्हाळ्यात हा वाण साधारण ११० ते ११५ दिवस घेतो, म्हणजे काढणी २३ मेच्या आसपास यायला हवी होती, आणि एरवी तेच बरोबर असतं कारण आपल्याकडं पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरून चालतात.

काढणी आणि पहिला निर्णय

त्या वर्षीचा मे कुणी विसरणार नाही. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत, जो एरवी ११ जूनच्या आसपास येतो. वळीव तर त्याच्याआधीपासूनच येऊन-जाऊन होता. १५ मेला मामानं चार-पाच वेल उपटून शेंगा फोडून बघितल्या. टरफलाची आतली बाजू काळपट झाली की शेंग भरली असं समजतात, आणि दहातल्या सहा-सात शेंगा तशा होत्या. एरवी दहात आठ झाल्या की काढतात.

म्हणजे प्रश्न असा होता की थोडं कोवळं असताना काढायचं का आठवडाभर थांबायचं. कामाच्या बायका दोनच दिवस मोकळ्या होत्या त्यामुळं अर्धं रान १७-१८ मेला उपटलं आणि अर्धं "भरू दे अजून, पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून ठेवलं. तो पुढचा आठवडा आलाच नाही. २० तारखेपासून पाऊस असा लागला की रानात पाय घालता येईना, आणि राहिलेलं रान ३-४ जूनला चिखलातून उपटलं. तोवर कितीतरी शेंगांना जमिनीतच कोंब आले होते, कारण उपट्या वाणाच्या दाण्याला सुप्तावस्था अशी नसतेच म्हटलं तरी चालेल, पक्व झाला आणि ओल मिळाली की तो उगवायलाच बघतो. पसऱ्या वाणाचं तसं नसतं, तो दाणा महिना-दोन महिने झोपून राहतो.

एरवी वेल उपटून शेंगा वर आणि पाला खाली असे उलटे ओळीनं टाकतात, दोन-तीन दिवस वारं-ऊन लागलं की मग तोडणी, मग खळ्यावर वाळवण. त्या वर्षी यातलं काहीच जमलं नाही. ओल्या वेलाच्याच शेंगा तोडल्या, त्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, ताडपत्रीवर पसरल्या, ऊन दिसलं की बाहेर, ढग आले की आत. पहिल्या अर्ध्याची सात पोती ३० मेला भरली, दुसऱ्याची पाच पोती १० जूनला. बारा पोती मिळून वजन ३९० किलोच्या आसपास. सगळी सोप्याच्या एकाच कोपऱ्यात भिंतीला टेकून थप्पीनं लावली, त्यांच्या शेजारी न फोडलेल्या चिंचेचं पोतं होतं. पोत्यांवर खूण कसलीच केली नाही.

अडचण कशी कळली

६ जुलैला आषाढी एकादशी होती, रविवार, म्हणून मी गावाला गेले होते. वहिनीनं खिचडी केली आणि पहिल्याच घासाला पोर म्हणाली, "कडू हाय." आम्ही सगळ्यांनी खाऊन बघितली, खरंच कडवट होती, आणि तो कडवटपणा मिरची-जिऱ्याचा नव्हता, जिभेच्या मागं राहणारा होता.

मी आणि मामी सोप्यात गेलो. ज्या पोत्यातनं दाणे काढले होते त्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत चक्क ऊब होती, बाहेर पाऊस, गार हवा, आणि पोत्याच्या पोटात ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखी ऊब. मूठभर शेंगा काढल्या. वरून बऱ्या दिसत होत्या. फोडल्या तर दहातल्या तीन-चार दाण्यांवर करडी-हिरवी भुकटी, एका दाण्याच्या दोन डाळिंब्या उघडल्या तर मधल्या पोकळीतसुद्धा तीच भुकटी. खालच्या पोत्याला बाहेरून कापसाच्या बोंडाएवढे नाही पण ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे कोश चिकटलेले, आणि शेंगांना गोल भोकं.

ती भोकं शेंगभुंगेऱ्याची. हा भुंगेरा शेंगेवर अंडी घालतो, अळी टरफल पोखरून आत जाते, दाणा खाते आणि बाहेर येऊन कोश करते. आणि हाच किडा चिंचेत पण वाढतो. चिंचेच्या बीत भोक पाडणारा भुंगा आणि शेंगेतला भुंगा एकच आहे, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे इतकी वर्षं चिंच आणि शेंगा शेजारी-शेजारी ठेवून आम्हीच त्याला घर बांधून देत होतो.

म्हणजे दोन वेगळ्या अडचणी एकाच कोपऱ्यात होत्या, बुरशी आणि भुंगा. भुंगा दिसतो, चाळता येतो, वाळवता येतो. बुरशीची गोष्ट वेगळी, कारण ही करडी-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, त्याला ना वास ना चव. बुरशीनं दाणाच बिघडला होता म्हणून खिचडी कडू लागली, ते आमचं नशीब. कडू न लागणारा दाणा पण विषारी असू शकतो.

मधल्या दोन दिवसांतलं एक काम जे व्हायला नको होतं

मामानं त्याच संध्याकाळी आणि सकाळी वाईट दिसणाऱ्या शेंगांची एक-एक पाटी म्हशींना घातली. यात त्यांचा दोष असा काही नाही, आपल्याकडं घरात न चालणारं धान्य जनावराला घालायचं हीच रीत आहे, टाकून देणं हेच पाप वाटतं. पण जनावरानं खाल्लेलं हे विष बदलून दुधात उतरतं आणि ते बारा ते चोवीस तासांत दुधात यायला लागतं. त्या दुधातलं अर्धं घरात त्याच चार वर्षांच्या पोरीला आणि अर्धं डेअरीला जात होतं.

मी सांगितलं तर मामांना आधी पटेना. "आगं, म्हस काय आजारी पडली का?" मग मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. १९६० मध्ये इंग्लंडात टर्की म्हणून कोंबडीसारखे पक्षी असतात ते एक लाखाच्या वर मेले, कारण शोधलं तर खाद्यातली भुईमुगाची पेंड निघाली, तिथूनच या विषाचा शोध लागला. आणि दुसरी आपल्या देशातली, १९७४ ची, राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा-पंचमहाल भागातली. तिथं मका काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, लोकांनी ओला मका तसाच घरात साठवला, खाल्ला, आणि काविळीसारख्या आजारानं ३९७ माणसं आजारी पडली, १०६ मेली. घरातली कुत्री पण तेच अन्न खाऊन मेली. हे ऐकल्यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत, मग उठून गोठ्यात गेले आणि गव्हाणी झाडून घेतल्या. पुढचे चार दिवस दूध घरात वापरलं नाही आणि डेअरीला पण घातलं नाही. खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दुधातलं प्रमाण खाली येतं म्हणून चार दिवस.

कोणते पर्याय होते

सोमवारी रात्री सगळे बसलो. भावाचं म्हणणं, सगळं व्यापाऱ्याला जसं आहे तसं देऊन टाकू, येतील ते पैसे. मामीनं ते एका वाक्यात संपवलं, "आपल्या पोरीला चालत न्हाई ते दुसऱ्याच्या पोराला कसं चालंल?" त्यावर पुढं चर्चा झाली नाही.

मामांचं म्हणणं, घाण्यावर तेल काढू. हे ऐकायला बरोबर वाटतं आणि खूप घरांत हेच करतात. पण विष बहुतेक पेंडीत राहतं आणि पेंड पुन्हा म्हशीलाच जाणार. शिवाय घाण्याचं तेल रिफाइंड नसतं, त्यात गाळ असतो, गाळाबरोबर थोडं तेलातही येतं, आणि खवट दाण्याचं तेल खवटच निघतं.

आज्जीचं म्हणणं होतं की पुन्हा वाळवून भाजून ठेवू. भाजल्यानं विष थोडं कमी होतं, जात नाही, म्हणून वाईट दाणा भाजून चांगला होत नाही. वाळवण्याचं मात्र बरोबर होतं, जे चांगलं उरलंय ते वाचवायला दुसरा मार्गच नव्हता.

लॅबमध्ये तपासणी करून घ्यावी असं मला वाटत होतं. नंतर विचार केला की हे विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, शेकडो दाण्यांत एखादाच भरलेला असतो, त्यामुळं मूठभर दाणे पाठवून "ठीक आहे" आलं असतं तरी पोतं ठीक आहे असं म्हणता आलं नसतं. म्हणून तो खर्च केला नाही. आज विचारलं तर मी म्हणेन, निवडून झाल्यावर शेवटी उरलेल्या दाण्यांचा नीट मिसळलेला मोठा नमुना पाठवायला हवा होता. ते राहून गेलं.

काय केलं

आधी बारा पोती माडीवर ओतली, प्रत्येक पोत्याचा ढीग वेगळा. तोंडाला ओढणी-रुमाल बांधूनच, कारण ती भुकटी नाकात जाऊन चालत नाही. मग प्रत्येक ढिगातल्या शंभर शेंगा वरून, मधनं, तळातनं घेऊन फोडायच्या आणि किती खराब निघतात ते खडूनं भिंतीवर लिहायचं. पोत्यांवर खूण नव्हती तरी आकड्यांवरून लगेच कळलं कुठली पोती कुठल्या काढणीची. पहिल्या काढणीच्या चार पोत्यांत शंभरात दोन-तीन, बाकीच्या तिनांत दहा-बारा, आणि चिखलातनं काढलेल्या पाचांत तीस, चाळीस, एकात तर बावन्न.

त्यावरनं ठरवलं की ज्या ढिगात शंभरात पाचाच्या आत खराब आहेत त्याच्या शेंगा वरून निवडून शेंगेतच ठेवायच्या, बाकीच्या सगळ्या फोडायच्या आणि दाणा न् दाणा बघायचा. सगळंच फोडलं असतं तर जास्त खात्री झाली असती, पण फुटलेला दाणा लवकर खवट होतो, त्यात निम्मं तेलच असतं आणि टरफल निघालं की हवा, उजेड, उष्णता थेट लागते. टरफलासारखा डबा माणसाला करता येत नाही.

शेंगांच्या निवडीतच १४० किलो बाजूला गेलं, त्यात ११० किलो चिखलातल्या पाच पोत्यांचं. कोंब आलेल्या, तडकलेल्या, काळ्या पडलेल्या, भोकाच्या, पोचट. ते गोठ्यापासून आणि खुराड्यापासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. मामा खड्डा भरताना शेजारचे येऊन विचारत होते की असं का करताय, मामा प्रत्येकाला थांबून सांगत होते.

राहिल्या २५० किलो शेंगा. जुलैत ऊन कुठलं? नुसत्या पंख्यानं पण भागत नाही, हवेतच इतकी ओल असते की शेंग एका हद्दीच्या खाली वाळतच नाही. गावातल्या बचत गटाकडं मसाल्याच्या मिरच्या वाळवायचा इलेक्ट्रिक ड्रायर आहे, तो रात्री मोकळा असायचा. तो मागून घेतला, रात्रीला तीसेक किलो, असं आठ-नऊ रात्री. तापमान ३८ च्या वर जाऊ दिलं नाही, जास्त तापवलं की लाल साल सुटते, दाण्याच्या डाळिंब्या होतात आणि चव बिघडते.

कधी थांबायचं हे ठरवायला कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बरोबर एक किलो शेंगा भरून त्याच ट्रेमध्ये ठेवली आणि किचनच्या काट्यावर वजन करत राहिलो. १००० ग्रॅमवरून ९३० वर आली आणि मग दोन वेळा मोजली तरी तेवढीच. शेंग ८ टक्के ओलीला आली असं धरलं तर हिशेब असा निघतो की पोत्यात ती १४ टक्क्यांच्या वर होती. साठवायला शेंगेत ८-९ टक्के आणि दाण्यात ७ च्या आसपास ओल पाहिजे. एवढाच फरक, आणि त्या फरकात सगळं गेलं. आज्जीनं तिच्या पद्धतीनं पण तपासलं, शेंग कानाशी हलवली की खुळखुळ वाजायला पाहिजे, दाणा दाताखाली कट्टदिशी तुटायला पाहिजे, बोटात चोळला की साल सुटायला पाहिजे. तिन्ही जमलं तेव्हाच ती हो म्हणाली. मेमध्ये मात्र नुसतं "सहा दिवस वाळल्या" यावर पोती भरली होती. शेंगेचं टरफल आधी वाळतं, दाणा मागं राहतो, आणि पोत्यात भरल्यावर दाण्यातली ओल बाहेर येते, हे त्या ऊब लागलेल्या पोत्यानं दाखवलं.

फोडणीला शेजारचं हातानं ओढायचं यंत्र आणलं होतं. एक पाटी फोडून बघितली तर दाण्यांच्या डाळिंब्या खूप आणि सालं खरवडलेली. शेंग फार वाळली की यंत्रात असं होतं, म्हणून फोडणीच्या आधी शेंगांवर पाणी शिंपडायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि भाऊ तांब्या घेऊन आला पण होता. मामीनं हात धरला. आठ रात्री ड्रायर चालवून पुन्हा पाणी? यंत्र परत दिलं आणि ११२ किलो शेंगा हातानं फोडल्या, वहिनी, मामी, आज्जी, आळीतल्या दोघीजणी आणि शनिवार-रविवार मी. अंगठ्याला फोड येतात, खरं सांगते, पण हातानं फोडताना प्रत्येक दाणा डोळ्यांखालून जातो. ७६ किलो दाणे निघाले, त्यातनं सुरकुतलेले, रंग गेलेले, डाग पडलेले, फुटके आणि साल गेलेले असे ९ किलो काढले. ६७ उरले.

दाणे कडक उन्हात तापवून पुसलेल्या स्टीलच्या डब्यांत भरले असं लिहायला आवडलं असतं, पण ऊन नव्हतं, डबे चुलीजवळ कोरडे केले. अगदी तोंडापर्यंत दाबून भरले म्हणजे आत हवा कमी राहील. वीस किलो तीन थराच्या हवाबंद पिशवीत. थोडे फ्रीजमध्ये. शेंगेतली चार पोती नव्या बारदानात, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि प्रत्येकावर काढणीची तारीख. जुनी पोती जाळली. चिंच त्याच आठवड्यात फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत गेली.

बियाण्याचं काय झालं

ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवले, सातव्या दिवशी ४१ उगवले. बियाण्याला निदान ७० टक्के उगवण लागते. खरिपाचा भुईमूग त्या वर्षी केलाच नाही, त्या तुकड्यात सोयाबीन टोकलं. मामांना हे सगळ्यात जास्त लागलं, घरचं बी पहिल्यांदा तुटलं.

परिणाम

नीट वाळलं असतं तर अडीचशे किलो दाणे पडले असते. हाताशी ६७ किलो दाणे आणि १२० किलो शेंगा, म्हणजे सगळे मिळून दीडशेच्या आतच. तेल काढलं नाही, विकतचं आणलं. लेकींचे डबे निम्मे झाले. दसऱ्याला शेंगेचं पहिलं पोतं फोडलं, भुंगा नव्हता, वास चांगला. दिवाळीत दुसरं फोडलं त्यात थोड्या शेंगांना भोकं होती, कदाचित शेंगेवर आधीच अंडी असतील, ते पोतं लगेच सगळं फोडून डब्यात घेतलं. स्टीलच्या डब्यातले दाणे डिसेंबरपर्यंत गोड होते, हवाबंद पिशवीतले त्यानंतरही.

आता वेगळं काय

माझ्या मते खरा निर्णय १५ मेलाच चुकला. दहातल्या सात शेंगा भरलेल्या असताना सगळं रान काढलं असतं तर काही दाणे बारीक राहिले असते, बाकी सगळं वाचलं असतं. मामा हे अजून पूर्ण मानत नाहीत, ते म्हणतात बायका मिळाल्या नाहीत, आणि ते पण खरंच आहे. दोन्ही काढण्या मिसळू न देणं आणि पोत्यावर तारीख टाकणं तर फुकटचं काम होतं.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे, ते म्हणजे जाळीच्या पिशवीचं. ओल्या शेंगांचं एक किलो वाळून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास येतं, आणि वजन उतरायचं थांबल्याशिवाय पोतं शिवायचं नाही. बियाणं नवीन विकत आणून या वेळी १८ जानेवारीलाच पेरलंय, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात रान मोकळं होईल. तोडणीच्या बायकांना मामीनं आत्ताच सांगून ठेवलंय, आणि जाळीची पिशवी सोप्यात खुंटीला अडकवून ठेवलीय.